गिटारचं पेडल घरी बनवायचंय? साध्या बूस्टरपासून सुरुवात करा, आणि डब्याकडे सर्किटपेक्षा जास्त लक्ष द्या

पेडल, म्हणजे गिटार आणि अँपच्या मधे जोडून पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी डबी, घरी बनवायचं म्हटलं की सगळे आधी सर्किट शोधत बसतात, कुठला फझ, कुठला ओव्हरड्राइव्ह (दोन्ही आवाज फाडणारे प्रकार), कुठला ट्रान्झिस्टर भारी, आणि डब्याचा विचार अगदी शेवटी. माझं मत याच्या उलटं आहे. सर्किट टेबलावर अर्ध्या-पाऊण तासात वाजतं. तेच सर्किट डब्यात घालून, झाकण लावून, वरून रोज पाय मारून वर्षभर वाजत ठेवायचं, खरं काम तिथे आहे. मी आत्तापर्यंत जेवढी बंद पडलेली घरगुती पेडलं उघडली, माझी आणि मित्रांची, त्यातल्या जवळपास सगळ्यांत बिघाड वायरीत, जॅकमधे नाहीतर स्विचमधे निघाला, ट्रान्झिस्टर आत ठणठणीत. म्हणून इथे सर्किट सोपंच घेतलंय आणि भोकं, रंग, वायरिंग यावर भरपूर लिहिलंय.

सर्किट कुठलं

एलपीबी-१. लिनिअर पॉवर बूस्टर. माइक मॅथ्यूज यांनी १९६८ साली न्यूयॉर्कमधे इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही पेडल कंपनी सुरू केली, तिच्या अगदी पहिल्या प्रॉडक्टपैकी हे एक, आणि सर्किट बॉब मायर यांचं. मूळची डबी छोटीशी होती, तिलाच प्लग होता, थेट गिटारला किंवा अँपला खुपसायची. आत एकच ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि एक पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची गोल खुंटी. बस. सिग्नल साधारण २० पट मोठा करतं, त्यामुळे ट्यूब अँप असेल तर त्याचा आवाज मस्त फाटायला लागतो, आणि दोन डायोड जोडले की हेच सर्किट डिस्टॉर्शन होतं. पहिल्या पेडलला याहून चांगलं काही नाही, कारण काही बिघडलं तर तपासायला तीनच जागा आहेत.

सामान

मुंबईत असाल तर ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड, पुण्यात असाल तर बुधवार पेठ, तापकीर गल्लीचा परिसर. दुकानात गेल्यावर लक्षात येईल की काउंटरवरचे जुने लोक रेझिस्टरला रेझिस्टन्स म्हणतात आणि कपॅसिटरला कंडेन्सर, तसंच मागा, पटकन मिळतं. ०.१ मायक्रोफॅरड म्हणत बसू नका, "वन झिरो फोर पॉलिस्टर" म्हणा. १०४ म्हणजे १० पुढे चार शून्य, पिकोफॅरडमधे. हिरव्या रंगाचे चपटे येतात ते घ्या. सिरॅमिकची छोटी चकती स्वस्त असते पण सिग्नलच्या वाटेवर मी ती टाळतो, त्यातल्या काहींना टकटक केलं तर अँपमधून टकटक ऐकू येते.

मूळ सर्किटमधे ४३० के आणि ४३ के (के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख) असे रेझिस्टर आहेत आणि इथे बरेच जण अडतात, कारण साध्या दुकानात ही व्हॅल्यू नसते. अडू नका, ४७० के आणि ४७ के घ्या. महत्त्वाचं आहे ते दोघांचं प्रमाण, ते १० ला १ आहे, दोन्हीकडे तेच राहतं. बाकी १० के, ३९० ओहम, १ मेग, १०० ओहम आणि एलईडीसाठी ४.७ के. सगळे पाव वॉटचे चालतात, शक्यतो मेटल फिल्म. ट्रान्झिस्टर बीसी ५४९ सी, तो नसेल तर बीसी ५४७, आपल्याकडे कुठेही मिळतो. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे २एन५०८८ साठी काढलेले असतात आणि त्याचे पाय उलटे आहेत, हे डोक्यात पक्कं बसवा. चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली, असं धरलं तर बीसी ५४९ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर, आणि २एन५०८८ चे एमिटर, बेस, कलेक्टर. पहिल्यांदा बनवणाऱ्यांची अर्धी रडारड इथूनच सुरू होते.

पॉट १०० के, लॉग मिळालं तर लॉग, म्हणजे वर ए लिहिलेलं. दुकानदार बहुतेक वेळा बी म्हणजे लिनिअर हातात ठेवतो, तेही चालतं, फक्त आवाज सुरुवातीच्या पाव फेरीतच सगळा येऊन जातो. १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक एक, १एन५८१९ डायोड एक, १एन४१४८ दोन, साधे लाल ५ मिलिमीटरचे एलईडी तीन, सहा मिलिमीटरचा छोटा टॉगल स्विच ऑन-ऑफ-ऑन प्रकारचा, ६.३५ मिलिमीटरचे मोनो जॅक दोन, आणि झिरो पीसीबीचा, म्हणजे भोकाभोकांच्या कोऱ्या बोर्डाचा, एक तुकडा.

दोन वस्तूंवर मात्र कंजुषी नको, फूटस्विच आणि डबा. या दोघांचेच पैसे बाकीच्या सगळ्या सामानापेक्षा जास्त होतात, होऊ द्या. फूटस्विच नऊ पायांचा, ३पीडीटी, म्हणजे एका दाबात तीन स्विच एकदम पालटणारा. रस्त्यावरच्या दुकानात नसेल तर ऑनलाइन मागवा. डबा डायकास्ट अॅल्युमिनियमचा, १२५बी मापाचा, साधारण १२१ बाय ६६ मिलिमीटर आणि ३९ उंच. १५९०बी त्याहून लहान आहे, दिसतो छान, पण पहिल्या पेडलला नको, आत बोट जात नाही आणि चिडचिड होते. स्टीलचा डबा वापरू का असं खूप जण विचारतात. स्टीलला भोक पाडणं जिकिरीचं, पत्रा पातळ असेल तर पायाखाली दबतो. प्लॅस्टिक तर नकोच, सिग्नलला आडोसा राहत नाही आणि घरातल्या ५० हर्ट्झच्या वायरिंगची घूं सगळी आत येते.

डीसी जॅक घेताना एक गोष्ट. पेडलच्या दुनियेत अॅडॅप्टर ९ व्होल्टचा आणि मधली पिन मायनस असते, म्हणजे बाहेरची बाजू प्लस. आता असा जॅक धातूच्या अंगाचा घेतला आणि डब्यात बसवला तर डबा प्लस होतो, आणि गिटारच्या जॅकमुळे तोच डबा ग्राउंडही, म्हणजे मायनसही, असतो, झाला शॉर्ट. म्हणून जॅक प्लॅस्टिकच्या अंगाचाच, २.१ मिलिमीटरवाला. आणि घरात पडलेला राउटरचा अॅडॅप्टर जोडू नका, त्यात बहुधा मधली पिन प्लस असते आणि व्होल्ट १२. या सर्किटला १२ व्होल्ट दिले तर ते जळत नाही पण ट्रान्झिस्टरचं बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचे त्याच्या पायांवरचे व्होल्ट, कोलमडतं, आवाज घुसमटतो, आणि माणूस दोन दिवस सोल्डरिंगमधे चूक शोधत बसतो.

आधी ब्रेडबोर्डवर वाजवा

ब्रेडबोर्ड म्हणजे सोल्डर न करता भाग खुपसून जोडायची भोकांची पट्टी. जोडणी बोलून सांगतो. इनपुटवरून १०४ कंडेन्सर, त्याचं दुसरं टोक बेसला. बेसपासून प्लसला ४७० के, बेसपासून ग्राउंडला ४७ के. कलेक्टरपासून प्लसला १० के. एमिटरपासून ग्राउंडला ३९०. कलेक्टरवरून दुसरा १०४, त्याचं टोक पॉटच्या तिसऱ्या पायाला. पॉटचा दांडा आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून पहिला, दुसरा, तिसरा. पहिला ग्राउंडला, दुसऱ्यावरून आउटपुट. शिवाय इनपुटच्या अगदी तोंडाशी, कंडेन्सरच्या अलीकडे, ग्राउंडला १ मेग. याचा आवाजाशी संबंध नाही, स्विच दाबल्यावर अँपमधे धाडकन होतं ते यामुळे कमी होतं.

पॉवरकडून येताना, प्लस आधी १एन५८१९ मधून, डायोडवरचा पट्टा सर्किटच्या बाजूला. मग १०० ओहम, मग सर्किट, आणि तिथूनच १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला, कंडेन्सरवरच्या पट्ट्याचा पाय ग्राउंडकडे. डायोड असल्यामुळे अॅडॅप्टर उलटा लागला तरी काही मरत नाही, आणि १०० ओहम-१०० मायक्रोची जोडी स्वस्त अॅडॅप्टरची किरकिर बरीचशी गाळते. १एन५८१९ नाहीच मिळाला तर १एन४००७ लावा, अर्धा-पाऊण व्होल्ट कमी मिळतो एवढंच.

आता गिटार लावायच्या आधी मल्टिमीटर. काळा प्रोब ग्राउंडला. बेसवर साधारण ०.७ ते ०.८ व्होल्ट, एमिटरवर ०.१५ ते ०.२, आणि कलेक्टरवर ४ ते साडेपाचच्या मधे काहीतरी आलं की सर्किट जिवंत आहे, हे आकडे आत्ताच कागदावर लिहून ठेवा, पुढे कामाला येतात. कलेक्टरवर पूर्ण ९ च्या जवळ येत असेल तर ट्रान्झिस्टर झोपलाय, एकतर ४७० के लागला नाही किंवा पाय उलटे लागलेत. कलेक्टरवर अर्धा व्होल्टच असेल तर ४७ के चं ग्राउंड सुटलंय.

वाजलं? मग थोडं खेळा, ब्रेडबोर्डचा हाच तर फायदा आहे. इनपुटचा १०४ काढून १०३, म्हणजे त्याच्या दहाव्या भागाचा, लावून बघा. या सर्किटचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे येणाऱ्या सिग्नलला दिसणारा अडथळा, साधारण ३० के च्या आसपास, त्यामुळे १०४ असताना ५० हर्ट्झच्या खालचं कापलं जातं, आणि गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झला आहे, म्हणजे सगळं आत येतं. १०३ लावला की ही रेषा ५०० हर्ट्झच्या आसपास चढते आणि तोच डबा ट्रेबल बूस्टर होतो, ढप्प आवाजाच्या अँपला हे फार कामाचं. मी स्वतः बऱ्याचदा मधला ४७३ लावतो.

मग डायोड. आउटपुटचा कंडेन्सर जिथे पॉटच्या तिसऱ्या पायाला भेटतो तिथून ग्राउंडला दोन १एन४१४८ एकमेकांना उलटे, समांतर. सिग्नल दोन्ही बाजूंनी साधारण ०.६ व्होल्टला छाटला जातो आणि खरखरीत डिस्टॉर्शन मिळतं. त्याऐवजी दोन लाल एलईडी तसेच उलटे-सुलटे लावले तर छाटणी १.७ व्होल्टच्या आसपास होते, हळू वाजवलं तर साफ, जोरात मारलं तर फाटतं, आवाजही मोठा राहतो. मला एलईडीवालाच आवडतो, हाताखाली श्वास घेतो असं वाटतं. ऑन-ऑफ-ऑन टॉगलचा मधला पाय ग्राउंडला, एका बाजूच्या पायाला १एन४१४८ ची जोडी, दुसऱ्या बाजूला एलईडीची जोडी, आणि टॉगल मधे ठेवला की डायोड नाहीतच, नुसता बूस्टर. एका डब्यात तीन पेडलं झाली.

भोकं

आता खरं काम. सगळे भाग डब्याच्या आत हातानेच ठेवून बघा, प्लग जॅकमधे खुपसून बघा. लोक रिकामा जॅक मोजतात आणि प्लगचं टोक आत किती पुढे येतं ते विसरतात. दोन जॅक डाव्या-उजव्या भिंतीवर बरोबर समोरासमोर पाडले तर आत दोन प्लगची टोकं एकमेकांच्या अंगावर येतात किंवा पॉटला टेकतात, म्हणून एक जॅक थोडा वर आणि दुसरा १५-२० मिलिमीटर खाली असा घ्या. माझ्या पहिल्या डब्यात इनपुट जॅकची पट्टी फूटस्विचच्या पायांना टेकत होती, पेडल टेबलावर वाजायचं आणि झाकण आवळलं की मुकं व्हायचं, शेवटी तो डबा बाजूला ठेवून दुसरा पाडायला लागला. पेडल आपल्याकडे तोंड करून ठेवलं की इनपुट उजवीकडे, आउटपुट डावीकडे, पॉवर वरच्या भिंतीवर. बहुतेक कंपन्या असंच करतात, तुम्हीही करा, स्टेजवर अंधारात बरं पडतं.

नकाशा कागदावर खऱ्या मापाने काढा आणि मास्किंग टेपने डब्यावर चिकटवा. पॉटचं केंद्र वरच्या कडेपासून साधारण २५ मिलिमीटर, फूटस्विचचं खालच्या कडेपासून तितकंच, टॉगल आणि एलईडी मधल्या पट्ट्यात. झाकणाच्या स्क्रूचे चार खांब आत कोपऱ्यात असतात, त्यांच्या जवळ काही आणू नका.

प्रत्येक केंद्रावर सेंटर पंच ठेवून हातोडीचा एक ठोका. हा ठोका चुकवू नका, अॅल्युमिनियमवर ड्रिलचं टोक घसरतं आणि दोन मिलिमीटर घसरलेलं भोक परत आणता येत नाही. मग ३ मिलिमीटरचं बिट, मग पायरी-पायरीचं स्टेप बिट. ते एक विकत घ्याच, मोठी भोकं त्याने गोल आणि स्वच्छ येतात, साध्या १२ च्या बिटने पातळ धातूत भोक तिकोनी होतं. खाली लाकडाचा ठोकळा, डबा क्लॅम्पने पकडलेला, डोळ्यावर चष्मा, हातात मोजे नकोत कारण ते फिरत्या बिटमधे अडकतात. मापं अशी, फूटस्विचला १२, १६ मिलिमीटरच्या पॉटला ७, टॉगलला ६, जॅकला साडेनऊ ते दहा, प्लॅस्टिकच्या डीसी जॅकला १२, एलईडी नुसता बसवायचा तर ५ आणि होल्डरसकट बहुधा ८. तरी हातातला भाग व्हर्नियरने मोजा मगच पाडा, कारण जॅक आणि डीसी जॅक दर कंपनीचे वेगळे निघतात. रंग लागल्यावर भोक थोडं आवळतं, तेव्हा पाव मिलिमीटर सैल ठेवा. शेवटी गोल कानशीने आतली-बाहेरची कड मारून घ्या, नाहीतर ती कड वायर कापते आणि बोटंही.

रंग

डब्याला ओतकामाचं तेल लागलेलं असतं. आधी भांड्यांच्या साबणाने खसखसून धुवा, २२० च्या पॉलिश पेपरने घासा, मग ४०० ने, परत धुवा, वाळवा, आणि इथून पुढे उघड्या हाताने धरू नका. अॅल्युमिनियमवर साधा रंग धरत नाही, नखाने सुटतो, म्हणून मेटल प्रायमर, शक्यतो धातूला घट्ट धरणारा एच (etch) प्रायमर. स्प्रे कॅन हातभर लांबून, डब्याच्या बाहेरून सुरू करून बाहेर संपवायचा, एकदम झाकून टाकायचा मोह टाळायचा, पहिल्या हातात धातू थोडा दिसलाच पाहिजे. दोन हातांमधे दहा-पंधरा मिनिटं, तीन-चार पातळ हात.

आणि पावसाळ्यात स्प्रे मारू नका. मी जुलैत गच्चीवर पाऊस थांबलाय बघून काळा रंग मारला, सकाळी डब्यावर दुधासारखी पांढरट झाक आली होती, हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसलं. सगळं घासून दिवाळीनंतर परत केलं. ऑक्टोबर ते मे हा आपल्याकडचा रंगाचा हंगाम समजा, कोकणात असाल तर नोव्हेंबरपासून.

प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट तिन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्या. इनॅमलवर लॅकरचा क्लिअर मारला की खालचा रंग सुरकुततो, आणि मग परत पॉलिश पेपर. कोरडा वाटला तरी रंग आतून कच्चा असतो, आठवडाभर डबा उन्हात तापू दे, नखाचा ठसा उमटेनासा झाला की पुढे जा. घाईत नट आवळला तर वॉशर रंगासकट फिरतो आणि भोकाभोवती कडं उमटतं.

दुसरा रस्ता पावडर कोटिंगचा. खिडक्यांच्या ग्रिलना आणि मशीनच्या भागांना पावडर कोटिंग करणारे आपल्या बहुतेक एमआयडीसींच्या आसपास असतात, त्यांना चार-पाच डबे एकत्र नेऊन दिले आणि त्या दिवशी जो रंग चालू आहे तो चालेल म्हटलं तर ते आपल्या मालाबरोबर टांगायला तयार होऊ शकतात. भट्टी १८० ते २०० अंशाची, त्यामुळे डबा पूर्ण रिकामा द्यायचा. घरच्या स्प्रेपेक्षा हा कित्येक पट टणक असतो, पेडलवर बूट पडणार आहेत हे लक्षात घेतलं तर माझी पसंती यालाच. फक्त झाकणाचे स्क्रू आत जातात त्या आट्यांत पावडर जाऊ नये म्हणून जुने स्क्रू लावून द्या.

अक्षरांसाठी वॉटरस्लाइड डिकल पेपर. डिझाइन कॉम्प्युटरवर करायचं, लेझर प्रिंटरवर छापायचं, पाण्यात बुडवून पातळ फिल्म डब्यावर सरकवायची, मऊ कापडाने मधून बाहेर बुडबुडे काढायचे. इंकजेटवर छापलंत तर पाण्यात घालायच्या आधी त्या कागदावर क्लिअरचे दोन हात मारावे लागतात, नाहीतर शाई विरघळते. प्रिंटर पांढरा छापत नाही, तेव्हा डबा काळा असेल तर पारदर्शक डिकलवर काहीच दिसणार नाही, फिकट रंगाचा डबा घ्या. मी नावं देवनागरीत टाकतो, पॉटखाली जोर, टॉगलच्या तीन जागांना साफ, धार, खरखर. देवनागरी छापताना फाँट जाड घ्या, बारीक अक्षरात काना-मात्रा आणि जोडाक्षरांचे तुकडे गायब होतात, १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका. डिकल पूर्ण वाळली की वर क्लिअरचे तीन-चार पातळ हात. पहिला हात अगदी धुक्यासारखा, जाड मारला तर डिकल गोळा होते.

बोर्ड आणि वायरिंग

रंग वाळतोय तोवर बोर्ड करा. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं, सोल्डर ६०/४० रोझिन कोअरचं. नळाच्या कामाला वापरतात ती अॅसिडवाली पेस्ट बोर्डाला लावू नका, सांधे काही महिन्यांत हिरवे पडतात. ब्रेडबोर्डवरची रचना जशीच्या तशी झिरो पीसीबीवर उतरवा, सर्किट एवढं लहान आहे की अडीच सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटर जागा खूप झाली. ट्रान्झिस्टरसाठी तीन पिनांचं सॉकेट लावलंत तर नंतर वेगवेगळे ट्रान्झिस्टर बदलून ऐकता येतात.

वायर मल्टिस्ट्रँड, २४ गेज. जुन्या लॅन केबलमधली एकतारी वायर फुकट मिळते म्हणून बरेच जण वापरतात, ती बोर्डावर चालेल, पण जॅक आणि स्विचला नको, दोन-चारदा वाकली की आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून दिसतही नाही.

फूटस्विचचे नऊ पाय म्हणजे तीन वेगळे स्विच शेजारी शेजारी. पायांची चपटी पाती आडवी दिसतील असा स्विच धरला तर तीन उभ्या रांगा म्हणजे तीन स्विच, आणि प्रत्येक रांगेतला मधला पाय एकदा वरच्याला, एकदा खालच्याला जोडला जातो. तरी मल्टिमीटर बीपवर ठेवून खात्री करा. डाव्या रांगेत मधल्या पायाला इनपुट जॅकचं टिप (प्लगच्या टोकाला शिवणारा पाय), खालच्या पायाला बोर्डाचं इनपुट. उजव्या रांगेत मधल्या पायाला आउटपुट जॅकचं टिप, खालच्या पायाला पॉटचा दुसरा पाय. डाव्या रांगेचा वरचा आणि उजव्या रांगेचा वरचा हे दोघं एकमेकांना एका तारेने. मधल्या रांगेत मधला पाय ग्राउंड, खालचा एलईडीचा आखूड पाय, वरचा रिकामा. एलईडीचा लांब पाय ४.७ के मधून प्लसला, दीड मिलिअँपियर मिळतो, अंधाऱ्या स्टेजला तेवढा पुरे. स्विच एका स्थितीत असताना गिटार बोर्डातून जाते आणि दिवा लागतो, दुसऱ्या स्थितीत गिटार सरळ आउटपुटला, सर्किटचा स्पर्शही नाही.

स्विचच्या पायांवर आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर ठेवायचं नाही. आतलं प्लॅस्टिक मऊ होतं, ग्रीस वितळून संपर्कावर पसरतं आणि स्विच नवा असून मेलेला असतो. माझा पहिला असाच गेला. आधी वायरच्या टोकाला सोल्डर, मग पायाला थोडं सोल्डर, मग दोन्ही एकत्र आणून एक स्पर्श. एका पायाचं झालं की लांबच्या पायाकडे जा, तोवर पहिला गार होतो.

ग्राउंड सगळी एका जागी आणा, मी इनपुट जॅकच्या स्लीव्हवर (प्लगच्या दांड्याला शिवणारा पाय) आणतो, बोर्डाचं, पॉवर मायनसचं, फूटस्विचचं, आउटपुट जॅकचं. जॅकच्या नटाखाली डब्याच्या आतून रंग किंवा पावडर खरवडून धातू उघडा करा, नाहीतर डबा ग्राउंडला जोडलाच जात नाही आणि हात लावला की गुणगुण वाढते. पावडर कोटिंग करून घेणाऱ्यांकडून हे फार वेळा राहून जातं.

बोर्ड पॉटच्या पाठीला जाड दुहेरी फोम टेपने चिकटवा, मधे प्लॅस्टिक फाइलचा एक तुकडा, म्हणजे पॉटचं धातूचं अंग सांध्यांना टेकणार नाही. झाकणालाही आतून तसाच तुकडा. बॅटरीची जागा मी ठेवत नाही, विसरून आत राहिली की फुटते आणि सगळं खाते.

वाजलं नाही तर

घाबरू नका, बहुतेक वेळा बाहेरचंच काहीतरी असतं. आधी बायपासला, म्हणजे पेडल बंद ठेवून गिटार सरळ जाते तेव्हा, आवाज येतो का बघा. तिथेच नाही म्हणजे जॅक किंवा स्विच, बोर्डाकडे बघायचीही गरज नाही. बायपासला येतो आणि चालू केल्यावर नाही, तर ब्रेडबोर्डच्या वेळी लिहून ठेवलेले तीन आकडे परत मोजा. आकडे बरोबर पण आवाज नाही, मग ऑडिओ प्रोब. अँपच्या केबलच्या टिपला एक १०४ आणि त्याला वायर, ग्राउंड डब्याला, अँप अगदी हळू, कोणाला तरी गिटार खाजवायला सांगा आणि त्या वायरने इनपुटपासून एकेक जागा शिवत जा, बेस, कलेक्टर, पॉट. जिथे आवाज गायब होतो त्याच्या एक पाऊल मागे दोष.

कधीकधी बूस्टर लावला की मागे आकाशवाणी ऐकू येते. बेस आणि ग्राउंडच्या मधे १०१ चा, म्हणजे १०० पिकोफॅरडचा छोटा सिरॅमिक लावा, इथे सिरॅमिक चालतो, रेडिओ जातो आणि गिटारला काही कळत नाही. चेनमधे, म्हणजे पेडलांच्या रांगेत, जागा गिटारनंतर लगेच नाहीतर ओव्हरड्राइव्हच्या नंतर, दोन्ही करून बघा, ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवला की तो जास्त फाटतो, नंतर ठेवला की सोलोला नुसता आवाज वर येतो.

झाकण लावायच्या आधी दहा मिनिटं उघडंच वाजवा, वायरी लाकडी काडीने एकेक हलवून बघा, कुठे खरखर येते का. मग झाकणाच्या आतल्या बाजूला परमनंट मार्करने तारीख, ट्रान्झिस्टरचं नाव आणि कलेक्टरचा व्होल्ट लिहा, खाली चार रबरी बुटं चिकटवा आणि स्क्रू आवळा.